कॅराव्हॅनमध्ये बॅटरी बसवताय? आधी फ्यूज आणि वायर बघा, ‘एएच’ नंतर!

टेम्पो ट्रॅव्हलर किंवा एखादी जुनी व्हॅन घ्यायची, तिच्यात पलंग, शेगडी, छोटा फ्रिज बसवायचा आणि पेण, नागोठणे, कोलाड करत थेट दिवेआगर गाठायचे. ही कल्पना आता फक्त मोबाइलवर व्हिडीओ बघण्यापुरती राहिलेली नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. भाड्याने कॅराव्हॅन मिळते, गाडी बनवून देणारे बॉडीवालेही आहेत. पलंग कसा असावा, पडदे कोणत्या रंगाचे, यावर भरपूर चर्चा होते. पण रात्री गाडी बंद केल्यावर पंखा, फ्रिज आणि दिवे कशावर चालणार, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एकाच वाक्यात दिले जाते: ‘दीडशे एएचची बॅटरी टाकून देतो, साहेब.’

हे उत्तर अपुरे आहे, आणि प्रसंगी धोक्याचेही.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघांचे मृतदेह सापडले होते. कालिकतच्या एनआयटीतील तज्ज्ञांनी त्या गाडीची तपासणी केली. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू आतल्या भागात शिरला होता, असे त्यातून समोर आले. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपेत असलेल्या माणसाला तो कळतच नाही. एसीसाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून बंद गाडीत झोपणे किती महागात पडू शकते, याचे हे आपल्या शेजारच्या किनारपट्टीवरचे उदाहरण.

म्हणूनच जनरेटरऐवजी बॅटरी हा पर्याय योग्य आहे. मात्र बॅटरीचेही स्वतःचे धोके आहेत. ज्या पलंगावर मुले झोपणार त्याच्याच खाली ती बसवली जाते. तेव्हा ती कोणी आणि कशी बसवली, हा प्रश्न ती किती मोठी आहे यापेक्षा महत्त्वाचा ठरतो.

आधी ‘युनिट’मध्ये हिशेब करा

बॅटरीवर अँपिअर-अवर म्हणजे ‘एएच’ लिहिलेले असते. आपल्याला मात्र महावितरणच्या बिलामुळे युनिटची भाषा कळते. एक हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट. बॅटरीचे गणितही तसेच करता येते. व्होल्ट गुणिले एएच भागिले हजार, म्हणजे युनिट. १२.८ व्होल्टची १०० एएचची लिथियम बॅटरी म्हणजे १.२८ युनिट. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिट.

आता खर्चाची बाजू. चौघांचे कुटुंब, कोलाडला एक रात्र, दिवेआगरला एक रात्र, असा बेत धरू. ४०-५० लिटरचा, १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज कोकणच्या उकाड्यात दिवसाला साधारण अर्धे युनिट किंवा थोडे अधिक घेतो. २५ वॉटचे दोन पंखे दहा तास चालले तर आणखी अर्धे युनिट. एलईडी दिव्यांचे संध्याकाळपासून झोपेपर्यंत ०.१ युनिट. चार मोबाइल आणि एका लॅपटॉपला मिळून ०.२. पाण्याचा छोटा पंप अर्धा तासही चालत नाही, त्यामुळे त्याचा खर्च नगण्य. ७०० वॉटचा राइस कुकर अर्धा तास लावला तर ०.३५. एकूण बेरीज १.७ युनिटच्या आसपास येते.

या यादीत एसी टाकून बघा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी सरासरी ६०० वॉट घेतो असे धरले, तरी आठ तासांच्या रात्रीला जवळपास पाच युनिट लागतात. म्हणजे बाकी सगळ्या घराला दिवसभरात लागते त्याच्या तिप्पट वीज एकट्या एसीला एका रात्रीत. विक्रेता ‘एसीसकट सगळे चालेल’ म्हणतो तेव्हा त्याला एवढेच विचारा, ‘किती तास?’

या लेखकाचे स्पष्ट मत असे की, कोकणात बॅटरीवर रात्रभर एसी चालवण्याचा हट्ट सोडलेला बरा. एसी हवाच असेल तर मुक्कामाच्या जागी वीजजोडणी मिळेल अशीच जागा निवडा. त्या एका हट्टापायी बॅटरी चौपट होते, गाडीचे वजन वाढते, वायर जाड लागते, चार्जिंगला चौपट वेळ लागतो आणि खर्च तर विचारूच नका. मे महिन्यात पेणच्या उकाड्यात पंख्यावर झोपणे सुखाचे नाही, हे मान्य. पण मेमध्ये कॅराव्हॅन काढायची की डिसेंबरमध्ये, हे आपल्या हातात असते.

लेड-अॅसिड की लिथियम?

घरातली इन्व्हर्टरची बॅटरी गाडीत टाकणे हा सर्वांत स्वस्त मार्ग, आणि म्हणूनच सर्वांत जास्त सुचवला जाणारा. घरासाठी ती उत्तम आहे. एका जागी उभी असते, हवा खेळती असते, सहा महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घातले की झाले. गाडीत मात्र तिच्या तीन अडचणी होतात.

पहिली, ती पूर्ण रिकामी करता येत नाही. आयुष्य टिकवायचे तर साधारण निम्मीच वापरायची. म्हणजे १.७ युनिटसाठी दीडशे एएचच्या दोन बॅटऱ्या लागतात. दुसरी, वजन. अशी एक बॅटरी पन्नास-साठ किलोंची. दोन म्हणजे गाडीत दीड-दोन माणसे कायमची बसवल्यासारखे. तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगीही स्फोटाला पुरते. शिवाय आत पातळ अॅसिड. सुकेळी खिंडीत गाडी चढ-उतार करणार, खड्ड्यात आदळणार आणि ते अॅसिड पलंगाखालच्या प्लायवूडवर सांडणार. ही बॅटरी वापरायचीच असेल तर ती राहण्याच्या भागापासून वेगळ्या, बाहेर हवा जाणाऱ्या पेटीत हवी. सीलबंद प्रकार थोडा बरा, पण वजनाची आणि निम्म्या वापराची अडचण त्यालाही आहेच.

लिथियममध्येही सगळ्या बॅटऱ्या सारख्या नसतात. कॅराव्हॅनसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे बाजारात ज्याला ‘एलएफपी’ किंवा ‘लाइफ-पीओ-फोर’ म्हणतात, तोच प्रकार घ्यावा. मोबाइल, लॅपटॉप आणि अनेक ई-स्कूटरमध्ये वापरल्या जाणाऱ्या निकेल-कोबाल्टवाल्या सेलच्या तुलनेत तो तापून पेट घेण्याची शक्यता बरीच कमी असते. ८० ते ९० टक्के क्षमता निर्धास्त वापरता येते. दोनशे एएचची बॅटरी पंचवीस किलोंच्या आत बसते आणि २.५६ युनिट साठवते. वरच्या १.७ युनिटच्या हिशेबाला ती पुरून थोडी उरते. इन्व्हर्टरमध्ये जाणारी दहा-पंधरा टक्के वीज धरूनही.

जुन्या ई-स्कूटरची बॅटरी स्वस्तात मिळते आणि ती गाडीत बसवून देणारेही भेटतात. हा जुगाड करू नका. स्कूटरच्या बॅटरीचा व्होल्टेज वेगळा, तिची संरक्षण यंत्रणा वेगळी, आणि ती का काढली गेली हे कोणी सांगत नाही. २०२२ मध्ये ई-स्कूटरना आगी लागण्याच्या घटना लागोपाठ घडल्यानंतर केंद्राने वाहन चालवणाऱ्या बॅटऱ्यांच्या सुरक्षा चाचण्या कडक केल्या. त्या चाचण्या गाडी पळवणाऱ्या बॅटरीसाठी आहेत. पलंगाखाली दिवे-पंख्यासाठी बसवलेल्या बॅटरीला तेच प्रमाणपत्र आपोआप लागू होत नाही. बिलावर ‘लिथियम’ एवढाच शब्द असेल तर सेलचा प्रकार, क्षमता आणि वॉरंटी लेखी मागा.

चांगल्या पॅकमध्ये बीएमएस नावाचा सर्किट बोर्ड असतो. बॅटरी जास्त भरली, जास्त रिकामी झाली, तापली किंवा जास्त प्रवाह ओढला गेला तर तो बॅटरी तोडतो. त्याची मर्यादा आधी विचारा. शंभर एएचच्या पॅकचा बीएमएस अनेकदा शंभर अँपिअरलाच थांबतो. त्यावर दोन हजार वॉटचा इन्व्हर्टर जोडून इंडक्शन शेगडी लावली की गाडीत अंधार. पॅक खराब नसतो. जोडीच चुकलेली असते.

आग बॅटरीला नाही, वायरला लागते

आता मुख्य मुद्दा. बारा व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी, हा मोठा गैरसमज आहे. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरे. पण व्होल्टेज कमी म्हणजे त्याच कामासाठी प्रवाह जास्त. घरात एक हजार वॉटच्या उपकरणाला साधारण साडेचार अँपिअर लागतात. तेच उपकरण १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टरने चालवले की बॅटरीतून जवळपास ९० अँपिअर वाहतात. वीसपट!

हे ९० अँपिअर घरच्या वायरिंगमधल्या चार चौरस मिलिमीटरच्या वायरमधून नेले तर काय होईल? बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर दोन मीटर धरू. जाताना दोन, येताना दोन, म्हणजे चार मीटर तांबे. ओहमचा नियम लावला की दीड व्होल्टहून अधिक घट वायरमध्येच होते आणि सुमारे १४० वॉट उष्णता त्या वायरमध्ये जिरते. म्हणजे इस्त्री मंद आचेवर पलंगाखाली चालू ठेवल्यासारखे. तीच वायर ३५ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट ०.२ व्होल्टच्या आत आणि उष्णता १६ वॉटच्या आसपास. फरक फक्त वायरच्या जाडीचा.

जाड वायर महाग असते, म्हणून तिथेच काटकसर केली जाते. बाजारात वरून तांब्यासारखी दिसणारी, पण आत अॅल्युमिनियम असलेली वायरही मिळते. टोक कापून चाकूने खरवडा. आत चांदीसारखा रंग दिसला तर परत करा. त्यात कोकणची खारी हवा. समुद्राकाठी दोन पावसाळे गेले की उघड्या जोडावर हिरवट थर चढतो, जोडाचा विरोध वाढतो आणि तो जोड तापू लागतो. म्हणून कथिलाचा मुलामा असलेले लग, ते हातोडीने नव्हे तर क्रिंपिंगच्या अवजाराने दाबलेले आणि वर श्रिंक ट्यूब. बॅटरीवाला लग हातोडीने ठोकताना दिसला तर तिथेच थांबवा.

फ्यूजचे तर विचारायलाच नको. अनेक गाड्यांत मुख्य वायरवर फ्यूज नसतोच. ‘बीएमएस आहे ना’ असे उत्तर मिळते. बीएमएस बॅटरीच्या आत आहे, तो इलेक्ट्रॉनिक आहे, आणि कोणतेही इलेक्ट्रॉनिक सर्किट बिघडू शकते. गाडी हादरून वायरचे आवरण पत्र्याला घासले, आतले तांबे चेसीला टेकले, की लिथियम पॅक क्षणात हजारो अँपिअर ओतू शकतो. त्या वेळी वायर लालभडक होण्याआधी वितळणारी एकच वस्तू हवी, ती म्हणजे फ्यूज. तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून एका वितीच्या आत असावा. टर्मिनल आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कोणाचेच संरक्षण नसते, म्हणून ती जितकी लहान तितकी बरी. एक हजार वॉटच्या इन्व्हर्टरला ३५ चौरस मिलिमीटर वायरवर १२५ अँपिअरचा फ्यूज चालतो. तो काचेचा, कारच्या डेकमधला नको. मोठा प्रवाह तोडू शकणारा ‘क्लास टी’ किंवा निदान चांगल्या दर्जाचा ‘मेगा’ फ्यूज घ्या. त्यापुढे हाताने फिरवून बंद करता येईल असा एक मुख्य आयसोलेटर, आणि तो पलंग उचलल्याशिवाय सापडणार नाही अशा जागी नको. दिवे, पंखे, पंप, फ्रिज यांच्या बारीक वायरींना प्रत्येकी वेगळा लहान फ्यूज.

एवढे सगळे मिळून होणारा खर्च बॅटरीच्या किमतीच्या मानाने थोडाच असतो. बजेट मर्यादित असेल तर दोनशेऐवजी शंभर एएचची बॅटरी घ्या, फ्रिज लहान घ्या, पण वायर आणि फ्यूज कमी करू नका.

वडखळच्या कोंडीत अल्टरनेटरचे काय होते?

बॅटरी भरण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गाडीचे इंजिन. इंजिनवर अल्टरनेटर असतो, तो गाडीची मूळ बॅटरी चार्ज करतो. मग त्यालाच एक वायर जोडून मागची बॅटरीही भरून घ्यायची, असा सरळ विचार. लेड-अॅसिडच्या काळात हे चालून जायचे. लिथियमचा अंतर्गत विरोध फार कमी असल्याने ती रिकामी असली की अल्टरनेटर देईल तेवढा सगळा प्रवाह ओढून घेते. अल्टरनेटर सतत पूर्ण क्षमतेने चालण्यासाठी बनवलेला नसतो.

त्यात आपला मुंबई-गोवा महामार्ग. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले, आणि पुढे वर्षानुवर्षे काय झाले ते पेणकरांना सांगायला नको. गणपतीच्या आदल्या दिवशी वडखळच्या आसपास गाड्या गोगलगाईसारख्या सरकतात. इंजिन आयडलवर, अल्टरनेटरचा पंखा मंद, बॉनेटखाली भट्टी, आणि मागची लिथियम बॅटरी भरभरून प्रवाह मागते आहे. अल्टरनेटर जळण्यासाठी याहून चांगली परिस्थिती नाही.

उपाय साधा आहे. मधे डीसी-टू-डीसी चार्जर बसवा. तो ठरावीक प्रवाहच घेतो, समजा तीस अँपिअर, आणि लिथियमला हवा तसा व्होल्टेज देतो. नव्या बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज संगणक कमी-जास्त करत असतो, त्यामुळे तिथे नुसत्या रिलेने काम होत नाही, हा चार्जर लागतोच. त्याला इग्निशनची वायर जोडलेली हवी, म्हणजे इंजिन बंद झाले की तो गाडीची मूळ बॅटरी पिऊन टाकणार नाही. नाहीतर सकाळी कोलाडला गाडी धक्का मारून सुरू करावी लागेल.

तीस अँपिअर म्हणजे तासाला साधारण ०.४ युनिट. चार तास ड्रायव्हिंग झाले की १.६. आपल्या दिवसाच्या गरजेच्या जवळपास. रोज थोडे फिरणार असाल तर यावरच भागते. एकाच जागी तीन दिवस तळ ठोकणार असाल तर नाही.

छतावर सोलर पॅनेल बसवण्याची फॅशन आहे, आणि हिवाळ्यात ती उपयोगीही आहे. ३०० वॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला एक युनिटच्या आसपास देते. पण कोकणात आपण गाडी कुठे उभी करतो? आंब्याखाली किंवा नारळाच्या सावलीत. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर झावळीची सावली पडली तरी उत्पादन झपकन उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये तर सलग ढग. पावसाळी सहलीसाठी सोलरवर विसंबू नका, त्याला जोडीदार समजा.

राहता राहिला प्लग. लॉजवर किंवा होमस्टेवर साधा पिन-पॉइंट मिळाला तरी वीस अँपिअरचा लिथियम चार्जर सहा-सात तासांत १.७ युनिट भरून देतो. तो स्वतः तीन-साडेतीनशे वॉट घेतो, म्हणजे घरातल्या मिक्सरपेक्षाही कमी. एसी नसेल तर मोठ्या जोडणीची गरजच नाही. इथे मात्र दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर कधीही वापरू नका. एक टोक भिंतीत असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत २३० व्होल्ट असतात. आणि गाडीच्या आत, जोडणी आल्याबरोबर पहिली वस्तू ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी. पत्र्याची गाडी, ओले अंगण, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला जुना बोर्ड हे एकत्र आले तर ती क्षणात वीज तोडते. गाडीचा पत्राही या अर्थला जोडलेला हवा.

उकाडा आणि जागा

मार्च २०१७ मध्ये रायगडमधल्या भिऱ्याला ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली होती. त्या आकड्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात उन्हाळा काय असतो हे रोहेकरांना ठाऊक आहे. बाहेर ३८ अंश असताना उन्हात बंद उभ्या गाडीत पारा पन्नाशी ओलांडतो. एलएफपी बॅटरीला वापरताना हे चालून जाते, चार्ज होताना नाही. सतत तापलेली बॅटरी वर्षे गमावते. ती छताजवळच्या कपाटात, इंजिनच्या भिंतीला चिकटून किंवा एक्झॉस्टच्या वर नको. खाली, सावलीच्या बाजूला, चारी बाजूंनी बोटभर मोकळी जागा सोडून ठेवा. गॅस सिलिंडरच्या कप्प्यात तर अजिबात नको. आणि ती प्लायला नव्हे, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला पट्टीने बोल्ट केलेली हवी. पंचवीस किलोंचा ठोकळा जोराच्या ब्रेकला पुढच्या सीटपर्यंत उडत येतो.

इन्व्हर्टर निवडताना ‘प्युअर साइन वेव्ह’ बघा आणि सुरुवातीचा झटका लक्षात घ्या. रंगाच्या स्प्रेचा कॉम्प्रेसर सुरू होताना दिवे क्षणभर मंदावतात, हे हमरापूर-जोह्याच्या कोणत्याही गणपती कारखान्यात काम केलेल्याला माहीत असेल. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते. घरातला २३० व्होल्टचा फ्रिज चालतो दीडशे वॉटवर, पण सुरू होताना लहान इन्व्हर्टरला लोळवतो. कॅराव्हॅनसाठी थेट १२ व्होल्टचा फ्रिज महाग वाटला, तरी तो इन्व्हर्टर रात्रभर चालू ठेवण्यापासून वाचवतो.

कागदपत्रे, आणि सरकारचे काम

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलतील असे फेरफार वाहनात मनाने करता येत नाहीत. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. गाडी बनवून देणाऱ्याला कामाआधी विचारा, की तो या मानकानुसार मंजुरी मिळालेली गाडी देतो आहे की सीट काढून पलंग ठोकून देतो आहे. दुसऱ्या प्रकारात आरटीओचा दंड ही छोटी गोष्ट. आग लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

राज्याच्या धोरणात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. पाणी, वीज, स्वच्छता अशा सोयी असलेली, पर्यटन संचालनालयाकडे नोंद झालेली जागा. कल्पना चांगली आहे. पण मोठे पार्क होईपर्यंत थांबण्याची गरज काय? कुंडलिकेच्या काठी राफ्टिंगसाठी सकाळी गर्दी होते, कारण भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सोडलेले पाणी तेव्हा नदीत येते. १९२७ पासून वीज निर्माण करणाऱ्या या परिसरात एखाद्या पार्किंगला झाकणाचा, पावसापासून सुरक्षित, आरसीसीबी आणि मीटर लावलेला प्लग-पॉइंट देणे काही अवघड नाही. एका गाडीला रात्रीत दोन युनिट. युनिटला वीस रुपये घेतले तरी चाळीस रुपये. होमस्टे चालवणाऱ्यालाही परवडेल आणि गाडीवाल्यालाही. महामार्गावर ई-कारसाठी जलद चार्जर उभे राहत आहेत, पण त्यांची जाड गन कॅराव्हॅनच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला लागत नाही. तिथेच बाजूला एक साधा १६ अँपिअरचा पॉइंट ठेवला तर दोघांचेही काम होईल. पर्यटन विभागाने नोंदणी देताना आणि अनुदानाची गणिते करताना या छोट्या प्लगचा विचार आधी करावा. प्लग नसेल तर माणूस जनरेटर घेऊन येतो, आणि जनरेटर काय करतो ते वडकऱ्यात दिसले.

भाड्याने कॅराव्हॅन देणाऱ्यांसाठीही हाच नियम हवा. मुख्य फ्यूज, आयसोलेटर, आरसीसीबी, अग्निशामक आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म यांची तपासणी झाल्याशिवाय रात्रीच्या मुक्कामाला गाडी देऊ नये. ग्राहकाने विचारले तर मालकाने पलंग उचलून दाखवावा.

कॅराव्हॅन घ्यायची नसली तरी रायगडकरांना या सगळ्याचा एक उपयोग आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडमधली अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. मोबाइल चार्ज करायला लोक दूरवर जात होते. दोनशे एएचची एलएफपी बॅटरी, योग्य फ्यूज आणि गाडीवरून चालणारा चार्जर असेल तर तीच व्यवस्था अंगणात उभी राहून घरातले चार दिवे, एक पंखा आणि सगळ्यांचे मोबाइल चालवू शकते. उपकरणे थेट गाडीतल्या सॉकेटवर लावा. गाडीची वीज घराच्या बोर्डात उलटी घुसवू नका, बाहेर खांबावर काम करणारा लाइनमन त्याने मरू शकतो.

गाडी ताब्यात घेताना

शेवटचा हप्ता देण्याआधी तासभर काढा. बॅटरी पूर्ण चार्ज असताना राइस कुकर, पंखे, फ्रिज, दिवे सगळे एकदम चालू करा. पंधरा मिनिटांनी मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज घ्या आणि लगेच इन्व्हर्टरच्या टोकावरचा. दोन्हींत पाव व्होल्टच्या आत फरक असेल तर वायर आणि जोड ठीक आहेत. बॅटरीजवळ १३.१ आणि इन्व्हर्टरजवळ १२.४ दिसले तर मधला पाऊण व्होल्ट कुठेतरी उष्णता होऊन जातो आहे. सगळे बंद करा, आयसोलेटर फिरवा आणि मग एकेक लग हाताने चाचपून बघा. जो चटका देईल तोच सैल आहे. तो तुमच्यासमोर नवा क्रिंप करून घ्या, आणि चाचणी पहिल्यापासून पुन्हा करा.